नर्सिंगला घालायचं का? फॉर्म भरण्याआधी घरच्या घरी एवढं करून बघा

माझी बावीस वर्षं वॉर्डात गेली, त्यामुळे नात्यातलं कुणी दहावी-बारावीला पोचलं की फोन येतो: "आत्या, नर्सिंग करू का?" मी लगेच हो-नाही सांगत नाही. आधी पोरांकडून चार गोष्टी करून घेते.

१. आधी 'का' ते विचारा आणि ऐकून घ्या. "सेवा करायची आहे" हे उत्तर सगळेच देतात, त्यावर फार विसंबू नका. "परदेशात जायचंय" म्हटलं तर हसू नका. केरळमधल्या कितीतरी घरांचा संसार अशाच नोकऱ्यांवर उभा राहिला. मात्र "एमबीबीएसला नंबर लागला नाही तर नर्सिंग" असं असेल तर थांबा. असं पोर पुढे राउंडला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरकडे बघून कुढत राहतं.

२. काम दाखवा, तेही रात्रीचं. सकाळची ओपीडी बघून काही कळत नाही. घरातलं कुणी अ‍ॅडमिट असेल तर एक रात्र सोबतीला मुलीला थांबवा. सिस्टर किती वेळा खाली बसते ते मोजायला सांगा. सकाळी ड्युटी बदलताना बेडगणिक हँडओव्हर कसा देतात, म्हणजे प्रत्येक पेशंट पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे कसा सोपवतात, तेही बघू दे.

दवाखान्यात जायचा योग नसेल तर घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतंच. आजी पलंगावर असतानाच चादर बदलायला लावा: आजीला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, नवी अर्धी अंथरायची, मग आजीला अलीकडे वळवून उरलेली ओढायची. बेडपॅनही द्यायला लावा. नंतर "घाण वाटली का?" असं विचारू नका. घाण सगळ्यांनाच वाटते, मला पहिला महिनाभर जेवण जात नव्हतं. ती तोंड फिरवून काम उरकत होती की आजीशी बोलत होती, तेवढं बघा.

३. एक गणित घाला. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत संपवायचं आहे, सेटमधून (म्हणजे सलाईनच्या नळीतून) १ मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? उत्तर साधारण ४२. चुकलं तर बिघडत नाही, शिकवता येतं. पण "चाळीस काय नि साठ काय" म्हणणाऱ्या पोराला या वाटेला लावू नका.

४. मग कोर्स बघा. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स) २ वर्षं, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) ३, बीएस्सी नर्सिंग (पदवी) ४. बीएस्सीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं; महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. जीएनएमनंतर २ वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी मिळवता येते. कॉलेजची इमारत बघून भुलू नका. भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव आहे का ते तपासा, आणि गेटवर तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा, पोस्टिंगला, म्हणजे दवाखान्यातल्या प्रात्यक्षिकाला, खरे पेशंट मिळतात की नुसत्या वह्या भरायच्या?

मुलगा असेल तरी चाचणी हीच. 'ब्रदर'लाही रात्रपाळी चुकत नाही.

परवा भाचीने गणित सोडवलं, बेचाळीस काढले, आणि वही मिटता मिटता म्हणाली, "पण पेशंटने हात दुमडला तर थेंब मंदावतील ना? मग परत कोण मोजणार?"

मी मोबाईल काढून सीईटीची तारीख बघायला लागले.