नवरीच्या खुर्चीशेजारी कॅमेरा: नव्या मेकअप आर्टिस्टसाठी

कोर्स संपवून बाहेर पडणाऱ्या मुली मला बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारतात, "ताई, रिंग लाईट कोणता घेऊ?" त्याआधी ठरवायला हवं की व्हिडिओ कोणासाठी काढायचाय. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झाल्या, आणि तेव्हापासून आमच्या सांगली-मिरजेकडच्या नवऱ्या बुकिंगला येताना फोनमध्ये रील उघडूनच येतात. "मला अगदी असंच हवं." म्हणजे रील हा तुम्ही पुढच्या नवरीला दिलेला शब्द आहे. रीलमध्ये दिसलं ते तिच्या चेहऱ्यावर उतरलंच पाहिजे. शूटिंगचे माझे सगळे नियम यातूनच आले.

परवानगी बुकिंगच्या वेळीच घ्या. खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या मुलीला, भोवती सगळे नातेवाईक असताना, नाही म्हणायला जड जातं. मी व्हॉट्सअॅपवर तीन पर्याय पाठवते: पूर्ण चेहरा चालेल, फक्त डोळे-केस-हात चालतील, काहीच नको. उत्तर नवरीचं हवं, आईचं किंवा आत्याचं नाही. मेकअपआधीचा चेहरा दाखवायचा का, हे वेगळं विचारते, कारण पिंपल्स किंवा वांग असलेल्या मुलीला तो नको असू शकतो आणि तो तिचा हक्क आहे. लग्न लागेपर्यंत एकही क्लिप अपलोड होत नाही. शूटला नकार देणारीला जास्त दर सांगणं मला अजिबात पटत नाही. ती मेकअपचे पैसे देते, तिचा चेहरा त्या सौद्यात नसतो.

मंगल कार्यालयातली नवरीची खोली म्हणजे बॅगा, लहान मुलं, इस्त्रीची टेबलं आणि तयार होणाऱ्या बायका. कॅमेरा लावला की आधी आरशात काय दिसतंय ते बघा. मागे कोणीतरी साडी बदलत असतं आणि ते आपल्याला एडिट करताना कळतं. मी ट्रायपॉड असा लावते की फ्रेममध्ये आरसा येतच नाही आणि मागे भिंत किंवा पडदा राहतो. मूळ आवाज तर नेहमीच काढून टाकते. दागिने कोणी दिले, मानपानात काय राहिलं, अशा घरातल्या गोष्टी त्या खोलीत मोकळेपणाने बोलल्या जातात. त्या तिथेच राहाव्यात.

आता उजेड. वर पांढरी ट्यूब, आरशाभोवती पिवळे बल्ब, खिडकीतून दिवसाचा उजेड, असं तिन्ही एकत्र आलं की गालावर एक रंग दिसतो आणि मानेवर दुसरा. पिवळे बल्ब बंद करा, नवरीला खिडकीकडे तोंड करून बसवा. सकाळचा मुहूर्त असेल तर पहाटे चारला काम सुरू होतं, तेव्हा खिडकीचा उपयोग नाही. त्यासाठी चांगल्या सीआरआयचा, म्हणजे ९५ किंवा त्यावरचा, एलईडी पॅनेल जवळ ठेवा. सीआरआय म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा. व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसले तर फोन बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही दिवे सेकंदाला ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत लुकलुकतात. आयफोनच्या सेटिंगमध्ये पाल (PAL) फॉरमॅट चालू करून २५ फ्रेम्स घ्या. अँड्रॉइडच्या प्रो व्हिडिओमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

फोन आपोआप चेहरा उजळ करतो, आणि सावळ्या मुलीच्या बाबतीत हे मला फार खटकतं. फाउंडेशन तिच्या मानेशी जुळवायला आपण जीव लावतो आणि कॅमेरा तिला दोन शेड गोरी करून टाकतो. गालावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग एक्स्पोजर किंचित खाली ओढा. ब्यूटी मोड बंद. जबड्याची कड आणि मान एका क्लिपमध्ये दिसलीच पाहिजे, कारण बेस जुळलाय की नाही ते तिथेच कळतं. आणि 'आधी' व 'नंतर' एकाच जागी, एकाच उजेडात घ्या. 'आधी'ला अंधारी ट्यूब आणि 'नंतर'ला रिंग लाईट, ही पाहणाऱ्याची फसवणूक आहे.

अख्खा मेकअप रेकॉर्ड करू नका. ४के मध्ये ३० फ्रेम्सला आयफोनवर मिनिटाला साधारण १७० एमबी जातात, म्हणजे दोन तासांत २० जीबी. शिवाय मन कॅमेऱ्यात अडकतं. छोट्या क्लिपा पुरतात: बेस ब्लेंड होताना, लायनर ओढताना, अंबाड्यावर गजरा बसताना. उजव्या हाताने काम करत असाल तर नवरीच्या उजवीकडे उभ्या राहा आणि फोन तिच्या समोर डावीकडे लावा, म्हणजे तुमचा हात चेहरा झाकणार नाही. नथीची क्लिप जवळून घ्या. चापाची नथ बसवताना नाकावरचा बेस पुसला जातो, आणि ओल्या स्पंजने तो हलकेच परत बसवणारं बोट दाखवलंत तर जाणकार नवरी तुमचं काम ओळखते. तसंच लिपस्टिक पॅलेटवर स्पॅट्युलाने काढताना, मस्काराची डिस्पोजेबल कांडी पाकिटातून बाहेर येताना शूट करा. स्वच्छता पाहून आलेल्या क्लाएंट माझ्याकडे वर्षानुवर्षं टिकल्या आहेत.

नऊवारीचा काष्टा मात्र मी नवरीवर कधीच शूट करत नाही. मदतनीस मुलीला लेगिंगवर नेसवून वेगळ्या दिवशी घेते. नवरीवर फक्त पदर, निऱ्यांची चुण आणि शेवटी मुंडावळ्या.

एक क्लिप सहसा कोणी घेत नाही, ती तुम्ही घ्या. अक्षता पडल्यावर, फोटो झाल्यावर, पंगतीच्या सुमारास मी नवरीकडे पुन्हा जाते. घाम आलेला असतो, डोळे पाणावून गेलेले असतात. तिच्या संमतीने, टचअपच्या आधी, काही सेकंद. एप्रिल-मेच्या उकाड्यात बेस कसा टिकला हे यातून दिसतं आणि माझ्याकडे ट्रायलसाठी येणाऱ्या मुली याच क्लिपबद्दल सगळ्यात जास्त विचारतात.

मुहूर्त जवळ आला की फोन खिशात. मामा दाराशी येऊन उभा असताना "एक मिनिट, एक शॉट" म्हणणारी आर्टिस्ट त्या घरात पुन्हा बोलावली जात नाही.

अपलोड करताना कॅप्शनमध्ये गाव आणि जिल्हा लिहा, लांबच्या चौकशा कमी होतात. बिझनेस खात्यावर सगळी सिनेमाची गाणी मिळत नाहीत, त्यामुळे एडिटिंगच्या आधी गाणं तपासा. एखाद्या कंपनीने प्रॉडक्ट फुकट पाठवलं असेल आणि ते रीलमध्ये दाखवत असाल, तर पैसे मिळाले नसले तरी जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहा. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फुकट मिळालेल्या वस्तूही धरल्या आहेत. ते लेबल कॅप्शनच्या तळाशी हॅशटॅगांच्या गर्दीत लपवू नका, व्हिडिओवरच टाका.