पीएमचा कागद कसा लिहावा: लॉगबुकपासून ग्रीस गनपर्यंत

एका कूलिंग वॉटर पंपाच्या मोटरचं बेअरिंग वर्षभरात तीनदा गेलं. तिसऱ्या वेळी रात्रपाळीला मी होतो. पीएमचे (प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, म्हणजे बिघाडाआधीच करायची देखभाल) कागद काढले, तर दर सोमवारी ‘ग्रीसिंग – ओके’ आणि खाली सही. मोटर उघडली तेव्हा वाइंडिंगवर ग्रीसचा थर होता. जादा ग्रीस बाहेर पडायचा खालचा ड्रेन प्लग रंगासकट जाम होता, म्हणजे मोटर बसवल्यापासून तो कोणी काढलाच नव्हता. यात फिटरचा दोष नव्हता. किती ग्रीस घालायचं हे कागदावर नव्हतंच, म्हणून तो हाताला जड लागेपर्यंत गन मारायचा. त्या रात्रीनंतर मी पीएमचे कागद वेगळ्या रीतीने लिहायला लागलो. ती रीत इथे सांगतो.

सुरुवात ब्रेकडाऊनच्या लॉगबुकापासून करा, मॅन्युअल नंतर. मागच्या दोन वर्षांच्या नोंदी घ्या आणि प्रत्येकीपुढे नेमकं काय गेलं ते लिहा. ‘पंप बंद’ या नोंदीतून काहीच हाती लागत नाही. ‘मेकॅनिकल सील गळलं’, ‘कपलिंगचा स्पायडर फाटला’ असं हवं. जुन्या नोंदी अपुऱ्या असणारच, तेव्हा ऑपरेटरांजवळ बसा. कुठलं मशीन कधी आवाज बदलतं हे त्यांना पाठ असतं, पण त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

मग मशिनांची वाटणी करा. बंद पडल्यावर माणसाला इजा होऊ शकते का, लाइन थांबते का, स्टँडबाय (गरजेला चालवायचं जादा मशीन) आहे का, एवढं पाहिलं तरी चालतं. शेजारी स्टँडबाय असलेला छोटा पंप बिघडेपर्यंत चालवला आणि स्टोअरमध्ये स्पेअर ठेवला, तर त्यात काही वावगं नाही. मात्र तो स्टँडबाय आलटून पालटून चालवा. महिनोन्महिने उभ्या पंपाच्या बेअरिंगला शेजारच्या मशीनच्या कंपनाने एकाच जागी खाचा पडतात. सेफ्टी व्हॉल्व्ह, इंटरलॉक (धोका असेल तर मशीन चालू होऊ न देणारी यंत्रणा), इमर्जन्सी स्टॉप यांची गोष्ट वेगळी. ते निकामी झाले तरी मशीन चालूच राहतं, कोणाला पत्ता लागत नाही. त्यांची चाचणी ठरल्या तारखेला व्हायलाच हवी, उत्पादन कितीही मागे असो.

आता कागदावरच्या ओळी. ‘बेअरिंग तपासणे’ असं लिहिलं की समोर ‘ओके’च येतं. त्याऐवजी लिहा: ‘ड्राइव्ह एंड हाउसिंगवर पिवळ्या खुणेच्या जागी तापमान मोजा, आकडा लिहा; याच लोडला नेहमीपेक्षा १० अंशांनी जास्त असेल तर शिफ्ट इंजिनिअरला कळवा.’ कुठे, किती आणि मग काय करायचं, हे तिन्ही ओळीत आलं पाहिजे. व्ही-बेल्टचंही तसंच. ‘टेन्शन पाहा’ऐवजी पट्टा मध्यभागी किती बलाने किती मिलिमीटर दबायला हवा ते लिहा (दोन पुलींमधल्या दर मीटरला साधारण १६ मिमी). सेटमधला एक पट्टा तुटला तर सगळे बदला.

ग्रीसबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या पाहण्यातली कितीतरी बेअरिंगं कमी ग्रीसने नाही, जास्त ग्रीसने गेली. बेअरिंगचं घर ठासून भरलं की बॉल ग्रीस घुसळत राहतात, उष्णता वाढते, तेल वेगळं होतं आणि मागे ग्रीसला घट्टपणा देणारा साबण कडक होऊन उरतो. पुन्हा भरायच्या ग्रीसचा सोपा हिशेब असा: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिमीमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६३१० बेअरिंगचा बाहेरचा व्यास ११०, रुंदी २७. म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. आता तुमची गन एका स्ट्रोकला किती देते? १० स्ट्रोक कागदावर मारून वजन करा. आमच्या गनचे १२.५ ग्रॅम भरले, म्हणून कागदावर ‘१२ स्ट्रोक’ लिहिलं. निपल (ग्रीस भरायचं तोंड) आधी पुसा, नाहीतर धूळ आपणच आत ढकलतो. ड्रेन उघडा, निपल गार्डच्या बाहेर असेल तरच चालू मोटरला ग्रीस द्या, जादा ग्रीस बाहेर येईपर्यंत मोटर चालू ठेवा, मग प्लग लावा. आणि वेगवेगळी ग्रीस एकमेकांत मिसळू नका. लिथियम आणि पॉलियुरियाची काही मिश्रणं पातळ होऊन वाहून जातात. प्रत्येक ग्रीसला वेगळी गन आणि गनवर रंगाची पट्टी, एवढं पुरतं.

तपासणी किती दिवसांनी? बिघाडाची पहिली खूण दिसल्यापासून मशीन बंद पडेपर्यंत किती वेळ मिळतो ते पाहा आणि त्याच्या निम्म्या वेळाने तपासा. बेअरिंगचं कंपन वाढल्यावर दोन महिने हातात असतील, तर महिन्याला एकदा. खूण आणि बंद पडणं यांत दोनच दिवस असतील, तर मासिक तपासणीचा उपयोग नाही. तिथे सेन्सर लावा किंवा ऑपरेटरच्या रोजच्या फेरीत ते घाला.

नीट चालणारं मशीन केवळ तारीख आली म्हणून उघडायला माझा विरोध आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॅडिंग्टन यांच्या गटाला दिसलं, की विमानांचे बिघाड ठरलेल्या तपासणीनंतर लगेच वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. १९७८ मध्ये नोलन आणि हीप यांनी प्रवासी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला. त्यात ६८ टक्के भागांत बिघाडाचा धोका बसवल्यानंतर सुरुवातीलाच जास्त होता, आणि वयाबरोबर धोका वाढत जाण्याची खूण फक्त ११ टक्क्यांत होती. कारखान्याचे आकडे वेगळे येतील, पण पीएमनंतर उलटा बसलेला सील आणि सैल राहिलेला बोल्ट प्रत्येक मेंटेनन्सवाल्याने पाहिलेला असतो. उघडावंच लागलं तर आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) स्वतःचं कुलूप आणि टॅग लावा, स्टार्ट बटन दाबून मशीन खरंच मेलंय का पाहा. जोडताना टॉर्क रेंच वापरा. मशीनच्या पायावर डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं यंत्र) लावून फाउंडेशन बोल्ट एकेक सैल करा; काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर पायाखाली शिम (पातळ पत्रा) घाला, मगच अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं) करा. पहिले दोन तास मशीनजवळ थांबा आणि तापमान, कंपन लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या तुलनेसाठी हेच आकडे लागतात.

दर सहा महिन्यांनी भरलेले कागद फिटरांसोबत वाचा. ज्या ओळीत कधीच काही सापडलं नाही तिची मुदत वाढवा किंवा ती काढा. सुरक्षेच्या ओळी मात्र तशाच ठेवा. कागदाबाहेरचं काही मोडलं, तर त्यासाठी ओळ घाला.

त्या पंपाच्या मोटरला आम्ही आठवड्याऐवजी सहा महिन्यांनी ग्रीस द्यायला लागलो. तेच बेअरिंग पुढे चार वर्षं चाललं, आणि कंपनाचे आकडे चढायला लागल्यावर ठरलेल्या शटडाऊनमध्ये, दिवसपाळीला बदललं.