तळ्याकाठचा रस्ता नव्याने करताय? या चुका टाळा

पहिली चूक नकाशावरच होते. गाड्यांच्या लेनला हात लावायचा नाही, पण फुटपाथ आणि सायकल ट्रॅक तर बसवायचेत. मग जागा काढायची कुठून? तळ्यातून! पवईच्या काठाने मुंबई महापालिकेने जाळीत दगड भरून सायकल ट्रॅक उभारायला घेतला होता. ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढून जागा होती तशी करायला सांगितलं. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत भराव बसत नाही. गेलेले पैसे आणि वर्षं वेगळीच. तेव्हा आधी टेप घेऊन रस्ता मोजा. कडेला फुकट उभ्या असलेल्या गाड्यांखाली बरीच जागा सापडते.

दुसरी चूक, एकाच पट्ट्यावर सगळ्यांना सोडणं. तळ्याकाठी लोक चालत नाहीत, रमतात. हातात कणीस, मूल मध्येच पळतं, आजोबा वळून बदकं बघतात, आणि मागून सायकलची घंटी. शिकागोत मिशिगन सरोवराकाठच्या सुमारे २९ किलोमीटरच्या वाटेवर हीच डोकेदुखी होती. २०१८ मध्ये तिथे चालणारे आणि सायकलवाले वेगळे केले. चालणाऱ्यांना पाण्याकडची बाजू द्या, सायकल रस्त्याकडे. दोन्हींच्या मध्ये नुसता रंगाचा पट्टा मारलात तर तो कुणी बघत नाही; झाडांची ओळ किंवा उंचीतला फरक हवा.

स्कूटर ट्रॅकवर चढतात म्हणून खांब रोवणं हा आपला लाडका उपाय. पण व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही जाते, आणि फट कमी केली की व्हीलचेअर अडते. खरं दुखणं पुढच्या चौकात असतं: लांबचा यू-टर्न, जो चुकवायला स्कूटर ट्रॅकवरून उलट्या येतात. तो जवळ आणा, निम्मी घुसखोरी आपोआप थांबेल.

फुटपाथ उंच केला की गाड्या चढणार नाहीत, हाही असाच भ्रम. कर्ब, म्हणजे फुटपाथची कडा, १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. नाहीतर गुडघे दुखणारी माणसं रस्त्यावरूनच चालतात. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी फुटपाथ खाली-वर करू नका. तो सपाट राहू द्या, गाडीने चढ चढावा.

पहिल्याच पावसात ट्रॅकवर तळं साचलं? बहुधा नव्या कठड्याने पाण्याच्या जुन्या वाटा बुजवल्या असतील. कठड्याखालून मोऱ्या काढा, पण रस्त्यावरचं तेलकट पाणी थेट तळ्यात सोडू नका. मध्ये गवताचा खोलगट चर ठेवा. ट्रॅकला मीटरमागे दोनेक सेंटिमीटर उतार पुरतो.

आणि पेव्हर ब्लॉक सायकलखाली घालू नका. आमच्याकडच्या ट्रॅकवर दुसऱ्या पावसाळ्यात ब्लॉक खचले, चेंबरची झाकणं तेवढी वर राहिली. आता सायकलवाले बाजूच्या डांबरी रस्त्याने जातात आणि ट्रॅकवर भेळेची गाडी लागते. भेळ चांगली असते, ते सोडा. तिच्यासाठीही नकाशात जागा आखायला हवी होती.