स्टुडिओ पोर्ट्रेट शिकताय? या चुका टाळा

तालुक्याच्या गावी पासपोर्ट फोटो काढायला आपण सगळेच कधी ना कधी गेलोय. एक स्टूल, मागे पडदा, डावीकडे एक छत्री आणि उजवीकडे एक छत्री. पोर्ट्रेट शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यात स्टुडिओचं हेच चित्र पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी दोन लाइट दोन बाजूंना, सारख्याच उंचीवर आणि सारख्याच पॉवरवर उभे राहतात. मग प्रश्न येतो, "सर, चेहरा सपाट का दिसतोय?"

पासपोर्ट फोटोसाठी ती मांडणी बरोबरच आहे. तिथे चेहरा नीट ओळखू यायला हवा आणि सावली नको असते. पोर्ट्रेटमध्ये मात्र नाकाची उंची, गालाचं हाड, जबड्याची कड हे सगळं सावलीच सांगते. सारख्या ताकदीचे दोन लाइट एकमेकांची सावली पुसून टाकतात. जिथे पुसता येत नाही तिथे नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या पडतात आणि प्रत्येक डोळ्यात दोन-दोन ठिपके चमकतात.

उपाय सोपा आहे. एक लाइट बंद करा आणि पहिला महिनाभर बंदच ठेवा. उरलेला लाइट चेहऱ्याच्या बाजूला साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडा उंच, खाली झुकवून लावा आणि फक्त नाकाची सावली बघा. ती ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने छोटीशी उतरली, तर बहुतेक चेहऱ्यांना शोभते. लाइट आणखी बाजूला आणि वर नेला, की नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावावरून याला रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात. तो त्रिकोण साधायच्या नादात लाइट फार वर गेला, तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डोळ्यात ठिपका दिसेपर्यंत लाइट खाली आणा. घड्याळात १० किंवा २ वाजतात तिथे तो ठिपका दिसला पाहिजे.

फ्लॅशला मॉडेलिंग लॅम्प (सावली आधीच दाखवणारा, सतत पेटता दिवा) नसेल तर खोलीत अंधार करा आणि मित्राला फ्लॅशच्या जागी मोबाइलचा टॉर्च धरायला सांगा. सावली कुठे पडणार ते एकही फोटो न काढता कळतं. सावलीची बाजू फारच काळी वाटली तर तिकडून पांढरा थर्माकोल लावा. दुसरा लाइट नेमका कशासाठी हवा, हे एका वाक्यात सांगता येईल तेव्हाच तो लावा.

लाइट लांब नेला की मऊ होत नाही

"डोळ्यांवर येतोय" म्हणून लाइट मागे नेतात आणि मग सावल्या कडक झाल्या अशी तक्रार करतात. उजेडाचा मऊपणा ठरतो तो चेहऱ्याला लाइट किती मोठा दिसतो त्यावर. ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (लाइटवर लावायची, पांढऱ्या कापडाच्या तोंडाची पेटी) १० फुटांवर नेला तर चेहऱ्यासाठी ती छोटीशी खिडकी होते. तो स्वतःच्या कर्णाइतक्या अंतरावर, म्हणजे साधारण साडेतीन फुटांवर ठेवा आणि पॉवर कमी करा.

अंतराचा हिशोब एकदा डोक्यात बसला की निम्मं काम सोपं होतं. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). लाइटपासून चेहरा ३ फुटांवर आणि मागची भिंत १२ फुटांवर असेल, तर भिंतीवर सोळावा हिस्साच उजेड पोचतो. ती पांढरी असली तरी गडद करडी दिसते. "बॅकग्राउंड पांढरं का येत नाही?" याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. पांढरं हवं असेल तर भिंतीला वेगळा लाइट लागतो. माणसाला भिंतीला चिकटवून मात्र बसवू नका, डोक्याची सावली मागे उमटते. पाच-सहा फूट जागा सोडा.

फोटो काळा आला, तर

फोटोच्या कडेला काळा पट्टा आला, तर शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) फ्लॅशच्या मर्यादेपेक्षा वेगवान झालाय. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/१६० ते १/२५० सेकंद असते. १/१२५ वर या आणि तिथेच राहा. फोटो जास्त उजळ आला म्हणून शटर वाढवायची सवयही सोडा. फ्लॅश इतका क्षणिक असतो की मर्यादेच्या आत शटर बदलून त्याच्या उजेडात फरक पडत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता), पॉवर किंवा अंतर बदला.

फ्लॅश पेटतच नसेल तर आधी सायलेंट शटर सुरू आहे का ते बघा, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यामुळे फ्लॅश बंद पडतो. मग ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला इशारा देणारं यंत्र) नीट सरकून बसलाय का, ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हींचा चॅनल एकच आहे का, हे तपासा. फ्लॅश पेटतोय तरी फोटो काळा येत असेल, तर एक लाइट दुसऱ्याचा उजेड बघून पेटणारा असू शकतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर (कॅमेरा पॉवर आपोआप ठरवतो त्या मोडवर) असला की मोजमापासाठी आधी एक बारीक झगमग सोडतो आणि मागचा लाइट तेवढ्यावरच फसून आधीच पेटून जातो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअल करा, म्हणजे पॉवर स्वतः ठरवा. दर दोन-तीन फोटोंनंतर एक काळपट येत असेल, तर तुम्ही फ्लॅश चार्ज होण्याआधीच बटण दाबताय.

मिररलेस कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) अंधार दिसतो म्हणून काही जण आयएसओ वाढवून बसतात. त्याऐवजी मेनूमधला एक्सपोजर प्रीव्ह्यू (फोटो किती उजळ येईल ते आधीच दाखवणारी सोय) बंद करा.

एका गालावर हिरवट किंवा पिवळट छटा आली तर फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. तो ठार काळा यायला हवा. नाही आला, तर ट्यूबलाइट नाहीतर खिडकी फोटोत घुसतेय. घरातल्या खोलीत शूट करत असाल तर भिंतीही बघा. पिस्ता किंवा गुलाबी रंगाची भिंत तोच रंग गालावर फेकते. त्या बाजूला चादर टांगा, पांढरी किंवा काळी.

आजोबांची टोपी

माझ्या विद्यार्थ्यांना मी एखाद्या आजोबांचं पोर्ट्रेट काढायचं काम हमखास देतो. उन्हात रापलेला चेहरा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. टोपीच्या कापडाचा तपशील उडून नुसता पांढरा डाग उरतो, म्हणून विद्यार्थी पॉवर कमी करतात आणि मग आजोबांचा चेहरा अंधारात जातो. पॉवरचा इथे दोषच नाही. लाइट वर आहे, त्यामुळे टोपी त्याच्या सर्वांत जवळ आहे, आणि वर ती पांढरी आहे.

सॉफ्टबॉक्सचं तोंड खाली वळवा, म्हणजे मधला जोरदार उजेड छातीकडे जाईल आणि कडेचा मऊ उजेड चेहऱ्यावर पडेल. तरीही टोपी जळत असेल तर लाइट आणि टोपीच्या मध्ये, फ्रेमच्या बाहेर, उजेड अडवायला काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा (कटर) धरा. मांडीवर पांढरा थर्माकोल ठेवा, चेहरा खालून उचलला जातो. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचा स्क्रीन नेहमीच जास्त उजळ वाटतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना सुरू करा आणि टोपीवरची लुकलुक थांबेपर्यंत जुळवत राहा.

सावळ्या त्वचेवरची हलकी चकाकी हा दोष नाही. चेहऱ्याचे उंचवटे तीच दाखवते. घाम टिश्यूने टिपा, पावडरचा थर देऊ नका. आणि एडिटिंगमध्ये त्वचा गोरी करू नका, गिऱ्हाइकाने मागितली तरी आधी मूळ रंगातला चांगला फोटो त्याला दाखवा. ज्या माणसाचं पोर्ट्रेट आहे त्याचा रंग बदलणं ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते.

चष्म्याची चमक कॅरमच्या नियमाने चालते. सोंगटी कडेला ज्या कोनात लागते त्याच कोनात परत फिरते, तसाच काचेवरून उजेड. लाइट थोडा वर आणि बाजूला न्या, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, किंवा चष्म्याच्या दांड्या कानावरून जराशा उचला.

नाक मोठं आलं, तर तुम्ही फार जवळ उभे आहात. पाच-सहा फूट मागे जा आणि ८५ मिलिमीटर लेन्स लावा. क्रॉप सेन्सर (लहान आकाराचा सेन्सर) असेल तर ५० चालेल.

आजोबांना बोलावण्याआधी या सगळ्या चाचण्या तशाच वर्णाच्या मित्राला बसवून उरकून घ्या आणि स्टूलच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावा. आजोबा बसले की दर फोटोनंतर स्क्रीनमध्ये डोकं घालू नका. पहिल्या दहा-बारा फ्रेम ताठच येतील. त्या येऊ द्या. पेरणी झाली का ते विचारा, आणि ते बोलत असताना बोट बटणावर ठेवा.