स्मृती गमावलेले पात्र विज्ञान कादंबरीत कसे उभे करावे

विज्ञान कादंबरीतील पात्राची स्मृती पुसण्यापूर्वी लेखकाने एक प्रश्न सोडवलाच पाहिजे: नेमकी कोणती स्मृती जाणार आहे? ‘तो सगळे विसरला’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण खरोखर सगळे विसरलेला माणूस बोलणेही विसरेल. आयुष्यातील प्रसंगांची स्मृती, जगाविषयीच्या माहितीची स्मृती आणि हातापायांत मुरलेल्या कौशल्याची स्मृती यांची मेंदूतील व्यवस्था वेगवेगळी असते.

अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्या उदाहरणाने हे ठळकपणे दिसले. 1953 साली अपस्मारावरील उपचार म्हणून त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढण्यात आला, आणि त्यानंतर 2008 मध्ये मृत्यू येईपर्यंत नव्या प्रसंगांची आठवण त्यांच्या मनात टिकली नाही. बालपण मात्र आठवत असे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचे काम दिले, तेव्हा काही दिवसांत त्यांचा हात सफाईने चालू लागला, पण हे काम आपण पूर्वी केले आहे हे त्यांना कधीच आठवले नाही. हाताला ठाऊक आहे आणि माणसाला ठाऊक नाही, या अंतरातच कादंबरीकाराचे खरे काम आहे.

म्हणून आराखडा करताना गेलेल्या गोष्टींपेक्षा उरलेल्या गोष्टींची यादी अधिक काळजीने करावी. आठवणी काढून घेतलेली अंतराळवैमानिक प्रत्येक दाराची कडी दोनदा ओढून पाहत असेल, तर त्या सवयीचे कारण तिला न कळता वाचकाला हळूहळू कळावे.

डॅनिएल कीज यांच्या 1966 च्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नॉन’ या कादंबरीत हे विलक्षण रीतीने साधले आहे. शस्त्रक्रियेने बुद्धी वाढलेला आणि पुढे ती गमावणारा चार्ली स्वतःच नोंदी लिहितो, त्यामुळे त्याची वाढ व घसरण शुद्धलेखनात आणि वाक्यांच्या लांबीत दिसते. निवेदकाला वेगळे काही सांगावे लागत नाही. अखेरीस तो केवळ सवयीने जुन्या वर्गात जाऊन आपल्या जागेवर बसतो. स्वतःच्या कादंबरीतही विस्मृती भाषेच्या रचनेतच उतरवावी.

मराठीत लिहिताना येथे एक खास अडचण येते. स्वतःची काहीच ओळख नसलेला निवेदक ‘मी उठलो’ किंवा ‘मी उठले’ असे म्हणताक्षणी त्याचे लिंग उघड होते. ते झाकून ठेवायचे असल्यास ‘मला जाग आली’, ‘मी दार उघडले’ अशा रचनांचा आधार घ्यावा लागतो, आणि तो काही पानांपलीकडे निभावणे कठीण असते. हीच भाषा दुसरीकडे मोठी सोय करून देते: ‘अहो’ म्हणून हाक मारणाऱ्या पत्नीला नायकाने परक्या बाईशी बोलावे तसे ‘आपण कोण?’ असे विचारले, की त्या संसाराचे काय झाले हे वाचकाला समजते.

आठवणी गेल्यावर माणूस तोच राहतो का, या ओळखीच्या तात्त्विक प्रश्नाला संवादांत फार जागा देऊ नये. आपल्या जाणिवेत येणारी कृत्ये तेवढी आपली, असे तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी 1694 मध्ये मांडले. दुसरे तत्त्वज्ञ टॉमस रीड यांनी 1785 मध्ये त्या मताला पेच घातला: वृद्ध सेनापतीला तारुण्यातील पराक्रम आठवतो, त्या पराक्रमाच्या वेळी बालपणी खाल्लेला मार आठवत होता, पण सेनापतीला आता तो मार आठवत नाही, मग तो आणि तो मुलगा एकच का? हा वाद पात्रांच्या तोंडी घालण्यापेक्षा नायकाला न आठवणाऱ्या गुन्ह्यासाठी न्यायालयात उभे करावे, आणि त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांच्या साक्षी परस्परविरोधी ठेवाव्यात.

पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक प्रकरणासमोर त्या क्षणी पात्राला काय ठाऊक आहे, एवढेच लिहून काढावे. आठवत नसलेले नाव तिसऱ्याच पानावर त्याच्या मनात सहज येऊन जाते, ही या प्रकारच्या लेखनातील वारंवार होणारी चूक अशा तक्त्यानेच सापडते.