नौका आणि ऑफ-रोड वाहनांची दुरुस्ती शिकताना

फायबरच्या नौका, आउटबोर्ड (नौकेच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवायची) इंजिने आणि चिखल-खडकांतून चालणारी ऑफ-रोड वाहने अशा तिन्ही गोष्टी दुरुस्त होत असलेल्या कार्यशाळेत मी शिकाऊ म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्या आठवड्यात माझ्या हाती ना पाना आला, ना ग्राइंडर. मिळाली ती एक प्लास्टिकची हातोडी आणि मेणाची पेन्सिल.

खडकावर आपटून तळाला मुठीएवढे भोक पडलेली एक नौका ठोकळ्यांवर चढवलेली होती. भोक दिसते तेवढेच बुजवायचे, असे मी गृहीत धरले होते. उस्तादांनी मात्र भोकापासून बाहेरच्या दिशेने दोन-दोन बोटांच्या अंतरावर ठोकत जायला सांगितले. फायबरचे थर शाबूत असतील तर आवाज खणखणीत येतो आणि ते एकमेकांपासून सुटले असतील तर बद्द येतो. आवाज जिथे बदलला तिथे खूण करत गेलो. शेवटी त्या खुणा जोडल्या, तेव्हा मुठीएवढ्या भोकाभोवती परातीएवढे वर्तुळ तयार झाले होते. नवख्या माणसाची येथे एक फसगत होते. आतल्या बाजूने आधाराचा कणा किंवा आडवी भिंत चिकटवलेली असते, तिथेही आवाज बदलतो. म्हणून संशयास्पद जागेची तुलना नौकेच्या दुसऱ्या अंगावरील नेमक्या त्याच जागेशी करावी.

खराब भाग कापल्यानंतर कडेला उतार द्यावा लागतो आणि तो जाडीच्या साधारण बारा पट लांब असावा, असा आमच्याकडील दंडक होता. 6 मिलिमीटर जाडीच्या तळाला याचा अर्थ चहूबाजूंनी 72 मिलिमीटर. इतका चांगला भाग घासून टाकताना सुरुवातीला जिवावर येते. परंतु नवे थर जुन्याला धरून राहतात ते या उताराच्या पृष्ठभागामुळेच.

माझी पहिली स्वतंत्र दुरुस्ती उखडली, ती उतारामुळे नव्हे, तर ओलाव्यामुळे. त्या नौकेच्या दोन थरांमध्ये फोमचा गाभा होता. मी वरचा पृष्ठभाग ॲसिटोनने पुसला, तो कोरडा दिसला आणि मी रेझिन, म्हणजे फायबरचे थर जोडणारा आणि वाळून कडक होणारा द्रव, लावले. गाभ्यात मुरलेले पाणी पुसण्याने जात नाही, हे मला काही आठवड्यांनी उन्हात फुगून आलेल्या ठिगळाने शिकवले. त्यानंतर मी खाऱ्या पाण्यातील नौका आधी गोड्या पाण्याने धुऊ लागलो, कारण आत राहिलेले मीठ हवेतील ओलावा ओढत राहते; मग ओला गाभा कापून काढून उरलेला भाग हवेशीर जागी दिवसेंदिवस वाळवायचा. ग्राहकाची घाई हे या कामातील सर्वांत महागडे कारण आहे.

रेझिनच्या बाबतीत एक गोंधळ जवळजवळ प्रत्येक शिकाऊ करतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कॅटलिस्टचे (ते घट्ट करणाऱ्या रसायनाचे) प्रमाण साधारण 1 ते 2 टक्के असते आणि हवामान पाहून ते थोडे कमी-जास्त करता येते. इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनचे तसे नाही. तिच्या हार्डनरचे (तिला कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकाचे) प्रमाण उत्पादकाने ठरवलेले असते. लवकर सुकावे म्हणून जास्त ओतला, तर ती चिवट आणि मऊच राहते. शिवाय जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगली बसते, पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने धरत नाही. सुरक्षिततेपुरते इतकेच सांगतो की, कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे द्रावण) आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्या मिश्रणाचा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, मगच कॅटलिस्ट घालावा आणि डोळ्यांवर चष्मा असल्याखेरीज त्या बाटलीचे झाकणही उघडू नये.

बुडालेले आउटबोर्ड आले की पहिला प्रश्न एकच : बुडाले तेव्हा ते चालू होते की बंद? चालू इंजिन सिलिंडरमध्ये पाणी ओढते आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून स्टार्टर मारून पाहण्याचा मोह आवरावा, स्पार्क प्लग काढावेत आणि फ्लायव्हील (इंजिनाचे फिरते जड चाक) हाताने हळूहळू फिरवावे. ते कुठे अडले किंवा घासले, तर इंजिन उघडण्यास पर्याय नाही. मोकळे फिरले, तर गोड्या पाण्याने धुऊन, पाणी निथळवून, तेल घालून ते त्याच दिवशी चालवावे. खाऱ्या पाण्याने भिजलेला धातू हवेत आला की गंजू लागतो. त्यामुळे लगेच काम होणार नसेल, तर ते इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवावे, असे आम्ही फोनवर सांगायचो. पलीकडच्या माणसाला आपली थट्टा चालली आहे असे वाटायचे.

ऑफ-रोड वाहनांत हेच पाणी वेगळ्या वाटेने शिरते. तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात उतरला की आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर (ॲक्सलमधील हवा आत-बाहेर जाऊ देणारी वाट) चिखलाने बुजलेला असेल, तर सीलच्या कडेने पाणी आत खेचले जाते. वाहन रात्रभर उभे ठेवून सकाळी ड्रेन प्लग किंचित सैल करावा. तेलाआधी पाण्याचे थेंब आले किंवा तेल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले, तर निदान झाले. मी पहिल्यांदा फक्त तेल बदलून वाहन परत दिले होते. पुढच्याच सफरीनंतर ते तसलेच तेल घेऊन आले, कारण बुजलेल्या ब्रीदरला मी हातच लावला नव्हता. आउटबोर्डच्या गिअरकेसमधील तेल असे दिसले, तर प्रोपेलर उतरवून शाफ्टभोवती मासेमारीचा दोरा गुंडाळला आहे का ते पाहावे. तो सील कापतो.

आपटलेल्या वाहनात धक्का कोणत्या मार्गाने गेला, ते चाकापासून मागे शोधत जावे. वाकलेला टाय रॉड (स्टिअरिंगने चाके वळवणारा दांडा) सरळ करून परत बसवू नये, तो बदलावाच. त्यानंतर स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे जोडला आहे, तो भाग घासून स्वच्छ करून तडा पाहावा, कारण चिखलाखाली तो दिसत नाही.

खर्चाचा अंदाज देण्याच्या आमच्या कागदावर तीन रकाने असायचे : काय दिसले, काय तपासले आणि काय अजून उघडलेले नाही. ग्राहकाची सही तिन्हींखाली घेतली जाई. तिसरा रकाना रिकामा ठेवून मी कागद पुढे केला, की उस्ताद तो न वाचताच माझ्याकडे परत सरकवत आणि हातोडीकडे बोट दाखवत.