मेंदूच्या रंगीत चित्राची उलटतपासणी

'प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग पेटतो' अशा बातमीसोबत करड्या मेंदूवर लाल-पिवळे डाग असतात. ते चित्र बहुधा फंक्शनल एमआरआयचं, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूच्या स्कॅनचं. बातमी ठेवा बाजूला, मूळ शोधनिबंध उघडा आणि आधी पद्धतीचा भाग वाचा.

कशातून काय वजा केलंय, ते पहिल्यांदा शोधा. जिवंत मेंदू कधीच विझलेला नसतो. डाग म्हणजे दोन स्थितींमधला फरक, तोही अनेकदा एक-दोन टक्क्यांचा. प्रिय व्यक्तीच्या फोटोतून कोरा पडदा वजा केला असेल, तर तो डाग नुसता चेहरा पाहिल्याचाही असू शकतो. ओळखीच्याच दुसऱ्या माणसाचा फोटो वजा केला असेल, तर पुढे वाचा.

यंत्राला चेतापेशींची वीज दिसत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल दिसतो. पेशी मिलिसेकंदांत काम उरकते. रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात, आणि हा उशीर सगळीकडे सारखा नसतो. म्हणून 'आधी हा भाग, मग तो' असा क्रम दिसला की थांबा. चित्रातला एक ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, बहुधा ३ मिलिमीटर बाजूचा. त्यात लाखो पेशी! कोण कोणाला थोपवतंय, ते कळायला मार्ग नाही.

आता आकडेमोड. प्रत्येक ठोकळ्याची चाचणी वेगळी होते. हजारात एक चूक चालवून घेतली, तर एक लाख ठोकळ्यांत सुमारे शंभर निव्वळ योगायोगाने रंगतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो 'दाखवले'. अशा योगायोगांची आकडेमोडीत दुरुस्ती न करता पाहिलं, तर त्याच्याही मेंदूत डाग उमटले. तेव्हा 'मल्टिपल कंपॅरिझन'ची, म्हणजे एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याची, दुरुस्ती केली आहे का, ते बघाच. नसेल तर तो निबंध बाजूला ठेवा.

डोकं किती हललं आणि किती नोंदी वगळल्या, हेही तपासा, विशेषतः लहान मुलांच्या अभ्यासात. डोळ्यांच्या खोबणीवरच्या भागात सायनसमधल्या हवेमुळे सिग्नल बुडतो. तिथे डाग नाही म्हणून काम नाही, असं समजू नका.

'अमिग्डाला पेटला म्हणजे भीती' हे वाक्य सर्रास दिसतं. अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला बदामाच्या आकाराचा छोटा भाग, बक्षिसालाही प्रतिसाद देतो, नवलाईलाही. एखादा भाग कामाला 'आवश्यक' आहे असं लिहिलं असेल, तर पक्षाघाताने तो भाग निकामी झालेल्या रुग्णांचा किंवा टीएमएसचा, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय झटके देऊन त्या भागाच्या कामात तात्पुरता व्यत्यय आणण्याच्या तंत्राचा, पुरावा मागा. पण नेहमीच्या कॉइलचं (तारेच्या वेटोळ्याचं) टीएमएस डोक्याच्या त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटरच आत पोचतं. अमिग्डाला त्याहून खोल.